एक खोली, एक वावर: व्हिन्सेंझो नातालीच्या पद्धतीनं गावात भयाचा विज्ञानपट कसा करावा

व्हिन्सेंझो नाताली या कॅनडातल्या दिग्दर्शकाचे सिनेमे ओळीनं पाहिले तर जागा बहुतेक वेळा एकच असते, आणि तिथून सुटका नसते. १९९६ चा लघुपट 'एलिव्हेटेड' लिफ्टमध्ये घडतो. १९९७ चा 'क्यूब' एकसारख्या चौकोनी खोल्यांमध्ये, २००३ चा 'नथिंग' एका घरात आणि भोवतीच्या पांढऱ्या पोकळीत, २०१३ चा 'हाँटर' धुक्यानं वेढलेल्या घरात, तर २०१९ चा 'इन द टॉल ग्रास' माणसाहून उंच गवतात. 'क्यूब'मध्ये हजारो खोल्या असल्याचं सांगितलं जातं, पण सेट म्हणून पूर्ण बांधलेली खोली एकच होती, १४ फूट लांबी-रुंदीची. भिंतीतल्या चौकटींमागचा रंग बदलला की तीच पुढची खोली व्हायची.

गावातल्या पाच-सहा पोरापोरींनी मिळून दहा-बारा मिनिटांचा असा सिनेमा करायचा असेल तर याहून सोयीची पद्धत नाही. रिकामं गोदाम आणि तुरीचं वावर, म्हणजे शेत, विदर्भात कुठंही मिळतं. 'स्प्लाइस' (२००९) मध्ये नातालीनं प्रयोगशाळेत जन्मलेला जीव पडद्यावर आणला, पण त्याला लागणारा पैसा आणि संगणकावरचं काम वेगळ्याच पातळीचं आहे. पहिल्या खेपेला तिकडं वळू नका. आणि पद्धत घ्या, गोष्ट घेऊ नका: 'क्यूब'चा आकड्यांचा चक्रव्यूह, पात्रं, नाव यांवर हक्क आहेत. एका खोलीत सिनेमा करण्यावर कोणाचाही हक्क नाही.

आधी जागेचा नियम

या सिनेमांमधली भीती राक्षसातून येत नाही. जागेला एक नियम असतो, आत अडकलेल्यांना तो ठाऊक नसतो, आणि कळतो तोही आधी अर्धाच. 'क्यूब'मध्ये दारावर तीन-तीन अंकी आकडे असतात. मूळ संख्या असेल तिथं सापळा, असं गणितात हुशार असलेली मुलगी शोधून काढते. काही खोल्यांपर्यंत हे बरोबर ठरतं, मग एका खोलीत फसतं. सिनेमा खरा तिथून पेटतो, कारण ज्याच्यावर सगळ्यांनी विश्वास टाकला तेच कच्चं निघालं.

तुमचा नियम एका वाक्यात लिहा आणि त्यात आपल्याकडचं काही असू द्या. उदाहरणार्थ: वीज असेपर्यंत खोली जागेवर राहते, वीज गेली की तेच दार दुसऱ्याच खोलीत उघडतं. अडकलेले तिघं आधी भारनियमनाचं वेळापत्रक आठवून हिशेब लावतात. दोनदा जमतं. तिसऱ्यांदा वेळेआधी अंधार होतो. वेळापत्रक हा अर्धा नियम झाला. पूर्ण नियम काय, ते तुम्ही ठरवा, पण शूटिंगआधी ठरवा. 'नंतर पाहू' म्हणून सोडलेला नियम संकलनात सापडत नाही, आणि शेवटी 'सगळं स्वप्न होतं' असा पळ काढावा लागतो.

पात्रं तीन पुरेत. तिघांना तीन वेगळ्या गोष्टी येत असाव्यात: एकाला तारांमधलं कळतं, एकीला हिशेब येतो, तिसऱ्याच्या अंगात बळ आहे आणि डोकं लवकर तापतं. बोलणं घरच्या बोलीत ठेवा. "थांब बे, हे दार आधी पायलं ना आपण?" हे वाक्य वऱ्हाडातल्या कलाकाराच्या तोंडून खरं वाटतं. त्याच माणसाला पुस्तकी मराठी दिली की तो पाठ केलेलं म्हणतो आहे हे लगेच दिसतं.

सापळा निवडताना 'क्यूब'मधला आवाजाचा सापळा नीट पाहा. खोलीत जरा आवाज झाला तर भाले सुटतात, म्हणून एकेकानं श्वास रोखून पार व्हायचं. बराच वेळ काहीच घडत नाही, आणि सगळ्या सिनेमातला सगळ्यात ताणलेला प्रसंग तोच आहे. कमी पैशात करायला याहून चांगला नमुना नाही. न घडणारी गोष्ट दाखवायला यंत्र लागत नाही.

खोली बांधणं

१२ फूट बाय १२ फूट जागेत ८ फूट उंचीच्या तीनच भिंती उभ्या करा. चौथी बाजू कायम उघडी: तिथून कॅमेरा, हवा आणि पळायची वाट. माणसं आत असताना ती बाजू कधीही बंद करायची नाही. समोरची चौथी भिंत दाखवायची वेळ आली की कलाकारांना फिरवा आणि बाजूची भिंत त्यांच्या मागं आणा. भिंती एकसारख्या असल्यानं पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही.

सामान असं:

- ६ मिमी कमर्शियल प्लाय, ८ बाय ४ चे ९ पत्रे. ४ मिमी स्वस्त पडतो, पण आठवड्यात पोट काढतो आणि बाजूनं उजेड पडला की ते पोट दिसतं.
- २ बाय १ इंचाच्या लाकडी पट्ट्या. प्रत्येक पत्र्यामागं चौकट आणि मधे दोन आडव्या.
- मागून टेकू, आणि प्रत्येक टेकूवर रेतीचं पोतं. नुसता खिळा ठोकलेला टेकू धक्क्यानं सरकतो.
- मांजरपाट, साधारण ८ मीटर, धुतलेला नको.
- २० वॅटच्या ४ फुटी एलईडी बॅटन ९, आणि चेहऱ्यासाठी ९ वॅटचे दोन बल्ब.
- लाल, निळा, हिरवा, पिवळा जिलेटिन कागद.
- पाच-सहा किलो डिस्टेंपर, काळं स्टेनर घालून राखाडी केलेलं.

ऑइलपेंट लावू नका. त्याच्या चमकेत बल्ब आणि कॅमेरा धरलेला माणूस दोन्ही दिसतात.

प्रत्येक पत्र्यात २ फूट बाय २ फुटांची खिडकी कापा. मांजरपाट ओला करून, मधून कोपऱ्याकडं ताणत मागून स्टेपल मारा. कोरा कपडा वाळताना आटतो आणि तबल्याच्या पुडीसारखा ताणून बसतो. बटर पेपर वापरला तर सकाळच्या दवानं सुरकुततो आणि पंख्यानं फडफडतो, तो आवाज माईकमध्ये येतो. बॅटन कापडापासून दीड-दोन फूट मागं ठेवा. जवळ आणली की मधे पांढरा पट्टा उठतो आणि मागं नळी आहे हे कळतं. जिलेटिन बॅटनवर लावा, कापडावर नको. कागद बदलताना कापड सैल होतं.

वजन पेलणारं दार एकच करा. 'क्यूब'मध्येही तसंच होतं. अडीच फूट चौरस, जमिनीपासून अडीच फूट वर. एवढ्या उंचीवरच्या लहान दारातून जाताना माणसाला वाकून, पाय टाकून, धडपडत जावं लागतं आणि भीती अभिनयाआधी शरीरात येते. या दाराभोवती ३ बाय २ इंचाचं लाकूड घाला, पलीकडं घट्ट स्टूल ठेवा, बिजागऱ्या तीन लावा. बाकी दारं रंगवलेली चालतात. रंगवायला झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांचे पडदे रंगवणारा माणूस मिळाला तर दुसरा शोधू नका, सपाट प्लायवर खोली दाखवणं त्याच्या हातात असतं. मात्र झाडीपट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो, तेव्हा ही माणसं आणि लाइटवाले रात्र-रात्र दौऱ्यावर असतात. सेट सप्टेंबर-ऑक्टोबरात उभा करा.

गोदाम निवडताना जिनिंगचं (कापसातून सरकी काढायचं) शेड टाळा. कापूस यायला लागला की हवेत सरकी-रुईचे तंतू असतात आणि एक ठिणगी पुरते. टिनाच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत काम होणारच नाही: माणसं तर हैराण होतातच, चित्रणाचा फोनही तापून आपोआप बंद पडतो.

वीज आणि लुकलुक

नऊ बॅटन आणि दोन बल्ब मिळून साधारण २०० वॅट. इन्व्हर्टरच्या १५० एएच (अँपिअर-तास), १२ व्होल्टच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात, हाती येतात हजार-अकराशे. म्हणजे पाच तास. गोदाम गावठाणाच्या लाइनवर असलेलं बरं. कृषी पंपाच्या लाइनवर वीज ठरलेल्या तासांपुरती असते, पाळी बदलत राहते आणि मोटारी सुरू झाल्या की दाब पडतो.

चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर दोष बहुधा शटरचा (प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ मिळतो त्याचा) असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर बांधा, मग फ्रेम २५ असोत की ३०. तरीही पट्टे राहिले तर बॅटन हलकी आहे, ती बदला. रंग बदलणाऱ्या स्वस्त एलईडी पट्ट्या मंद केल्या की हटकून पट्टे देतात. पंख्याचा रेग्युलेटर लावून बॅटन मंद करायचा उद्योग करू नका. उजेड कमी हवा तर मांजरपाटाचा दुसरा थर टाका. जनरेटरवर वारंवारता हलते, त्यामुळे शटर बरोबर असूनही पट्टे येतात. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चित्र ठीक येतं, पण दिव्यांची गुणगुण माईकमध्ये शिरते. साइन वेव्ह मिळाला तर तोच घ्या.

शूटिंगच्या आदल्या दिवशी सगळे दिवे लावून पांढऱ्या कापडावर फोन हळूहळू फिरवत एक मिनिट चित्रण करा आणि मोठ्या पडद्यावर पाहा. फोनच्या पडद्यावर हे पट्टे सुटून जातात.

अंधार म्हणजे उजेड नसणं नव्हे

सगळ्यात जास्त काम इथंच बिघडतं. दिवे कमी केले की फोन आपणहून आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) चढवतो आणि काळ्या जागी करडी वाळू नाचायला लागते. अंधार दाखवायचा तर चेहऱ्याच्या एका बाजूला भरपूर उजेड द्या आणि दुसरी बाजू सोडून द्या. 'ओपन कॅमेरा' किंवा 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा' यांपैकी एक अॅप घ्या, दोन्ही फुकट आहेत. आयएसओ १०० ते ४०० मध्ये ठेवा, ८०० च्या वर कधीच नको. एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा.

व्हाइट बॅलन्सही (फोन कोणता रंग पांढरा धरतो ते) लॉक करा, ५,५०० केल्विनच्या आसपास. तो ऑटोवर राहिला तर तुम्ही लाल खोली केलीत की फोन काही सेकंदांत तिला पांढरी करायला धावतो, आणि शॉटच्या मधेच रंग उतरतो. संकलनात हे दुरुस्त होत नाही.

चेहऱ्यासाठी ९ वॅटचा बल्ब बटर पेपरच्या आडून, बाजूनं, तीन फुटांवर. तोच सहा फुटांवर नेला की उजेड चौथाईवर येतो. कमी-जास्त करायला हीच युक्ती वापरा. दुसरी बाजू अगदीच काजळी झाली तर चार फुटांवर थर्मोकोलचा पांढरा पत्रा धरा, दुसरा दिवा लावू नका. लाल खोलीत चेहऱ्यावर लाल उजेड टाकू नका. फोनला गडद लाल झेपत नाही, गालांचे डाग होतात आणि नाक-डोळे विरघळतात. भिंती लाल, चेहऱ्यावर साधा पिवळसर उजेड, तोही मंद.

शूटिंग गोष्टीच्या क्रमानं करू नका. एका रंगाच्या सगळ्या खोल्या एका बैठकीत उरका. नातालीच्या टीमनंही 'क्यूब' रंगांनुसारच चित्रित केला होता, कारण चौकटींमागचे रंग बदलण्यात फार वेळ जायचा. यात धोका एकच आहे. कपड्यांवरचा मळ, घाम, कपाळावरची जखम पुढंमागं होते. वहीत प्रत्येक प्रसंगापुढं चार गोष्टी लिहा: खोलीचा आकडा, जिलेटिनचा रंग, कोणती भिंत मागं, आणि कोण किती मळलेलं. प्रत्येक बैठकीच्या शेवटी कलाकारांचा समोरून एक फोटो काढा. ही वही एकाच माणसाकडं राहू द्या, आणि तो माणूस अभिनय करणारा नको.

खोलीचा आवाज

टिनाच्या छपराखाली आवाज घुमतो. उघड्या बाजूला आणि डोक्यावर दोरीनं गोधड्या बांधा, जमिनीवर रिकामी पोती टाका. कॉलरचा साधा वायरवाला माईक दुसऱ्या फोनला जोडून खिशात ठेवला तरी चित्रणाच्या फोनपेक्षा आवाज कितीतरी चांगला येतो. शॉटच्या सुरुवातीला टाळी वाजवा, नंतर दोन्ही जुळवायला सोपं जातं.

नाटकात काम केलेले कलाकार आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकतात. कॅमेरा दोन फुटांवर आहे हे सांगून उपयोग होत नाही. समोर दोन फुटांवर माणूस बसवा आणि त्याच्याशी बोलायला लावा, आवाज आपोआप उतरतो.

संवाद नसताना रिकाम्या खोलीचा आवाज एक मिनिट घ्या, सगळ्यांनी स्तब्ध उभं राहून. शांततेच्या प्रसंगात आवाज शून्यावर आणला तर पाहणाऱ्याला फोन बिघडल्यासारखं वाटतं. त्याऐवजी हा एक मिनिटाचा आवाज पसरा आणि त्यावर श्वास, कपड्याची सळसळ, बिजागरीची बारीक कुरकुर ठेवा.

तुरीचं वावर

'इन द टॉल ग्रास' मध्ये बहीण-भाऊ रस्त्याकडेच्या गवतातून आलेली पोराची हाक ऐकून आत शिरतात आणि एकमेकांना हरवतात. एकाच जागी उभं राहूनही आवाज कधी उजवीकडून येतो, कधी फार लांबून. आपल्याकडं याला तूर चालते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, छातीपर्यंत येते, माणूस लपत नाही. ज्वारी उंच असते, पण दिवाळीच्या आगेमागे कापली जाते. नोव्हेंबर-डिसेंबरात चांगल्या जमिनीतली तूर डोक्यावर जाते. त्यातही सोयाबीनमधली तूर निवडा: सोयाबीन सोंगून (कापून) झालं की तुरीच्या तासांमध्ये, म्हणजे ओळींमध्ये, रुंद पट्टे मोकळे राहतात. कॅमेरावाला त्यातून उलटं चालू शकतो आणि कलाकार एक ओळ सोडून पलीकडं असला तरी पानांतून तुटक-तुटक दिसतो.

मालकाला विचारल्याशिवाय पाय ठेवू नका आणि तूर फुलावर असेल तर फांद्या हलवत पळापळ करू नका, फूल गळतं, माणसाचं नुकसान होतं. पळण्याचा शॉट धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेनं घ्या.

तीन गोष्टींत तडजोड नाही. फवारणी कधी आणि कशाची झाली ते विचारा. नुकतं फवारलेलं वावर सोडून द्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरण्यासारखं नाही. दुसरं, रानडुकरांसाठी लावलेली तार. झटका मशीनचा धक्का थोडक्यात निभावतो, पण काही ठिकाणी थेट लाइनचा करंट सोडलेला असतो आणि तो जीव घेतो. मालकाला सोबत घेऊन दिवसाउजेडी चारही धुरे फिरून पाहा, शेजारच्या वावराचेही. तिसरं, अंधार पडायच्या आत बाहेर. ताडोबा, टिपेश्वरच्या आसपासच्या गावांत हे सांगायची गरज नाही, पण साप आणि डुक्कर सगळीकडंच आहेत.

मग रात्र कशी दाखवायची? दिवसा. डिसेंबरात दुपारी साडेतीन ते पाच या वेळेत सूर्य कलाकाराच्या पाठीमागं ठेवा, म्हणजे डोक्या-खांद्यांवर चांदण्यासारखी कड येते. एक्स्पोजर दीड ते दोन स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), व्हाइट बॅलन्स ३,५०० च्या आसपास, म्हणजे सगळं निळसर होतं. चौकटीत आभाळ येऊ देऊ नका. आभाळाचा एक तुकडा दिसला की फसवणूक उघडी पडते. कॅमेरा छातीच्या उंचीवरून किंचित खाली झुकलेला ठेवा. संकलनात रंगाची तीव्रता निम्म्यावर आणा. हातात टॉर्च असलेला शॉट मात्र या पद्धतीनं जमत नाही, उन्हात टॉर्चचा उजेड दिसतच नाही. तो सूर्य बुडाल्यावर लगेच, धुऱ्याला लागून, दहा मिनिटांत उरका.

डीजेवाल्याचं धुराचं मशीन वावरात फक्त उजाडल्या-उजाडल्या, वारा पडलेला असताना उपयोगी. थोडी झुळूक आली की धूर शेजारच्या वावरात.

हाकेचा आवाज वावरातच घ्या. तीच हाक एक फूट, दहा फूट आणि चाळीस फुटांवरून, माईक जागेवर ठेवून, प्रत्येकी तीनदा. एका फुटावरच्या आवाजाचा व्हॉल्यूम कमी करून तो लांबचा होत नाही. लांबून येताना आवाजाची धार वाटेत झिजते, ती झीज खरी लागते. रिव्हर्ब लावू नका. उघड्या पिकात आवाज घुमत नाही, आणि गावच्या माणसाला ते लगेच खटकतं. सकाळी सात-आठच्या सुमारास वारा कमी असतो. तरी माईकवर स्पंज आणि त्यावर लोकरी मोज्याचा तुकडा घाला. ओलिताची मोटार सुरू असेल तर बंद करायला सांगू नका, पाण्याची पाळी महत्त्वाची, वेळ बदला. पिकातून जाण्याची सळसळ वेगळी करा: हिरव्या फांद्यांची जुडी कपड्यावर घासून हळू चालणं, वाळलेल्या तुराट्या मोडून पळणं.

संकलन आणि प्रत

'डाव्हिंची रिझॉल्व्ह' या संकलनाच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरते, फक्त संगणक बरा लागतो. रंग करताना खोलीत अंधार करून बसू नका. अंधारात बसून केलेलं चित्र हमखास जास्त काळं होतं. तयार झालेला सिनेमा साध्या फोनवर, ब्राइटनेस निम्म्यावर ठेवून, दिवसा ओसरीत पाहा. डोळे आणि हात दिसत नसतील तर मधले टोन उचला, काळे तसेच ठेवा. इंटरनेटवर चढवताना गडद भिंतींवर चौकोनी ठिगळं पडतात, कारण फाइल दाबली जाते; अगदी बारीक ग्रेन (चित्रावरचे ठिपके) मिसळला आणि फाइल जास्त बिटरेटनं काढली तर ती बरीच कमी होतात.

चावडीसमोर किंवा शाळेच्या मैदानात दाखवायची प्रत वेगळी काढा, एक स्टॉप उजळ. साध्या प्रोजेक्टरला काळं दाखवता येत नाही, तिथं करडंच दिसतं. पडदा अशा दिशेला बांधा की रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडणार नाही, आणि दिवा मागं येत असेल तर कापडामागं काळी ताडपत्री ताणा. डिसेंबर-जानेवारीत साडेसहाला पुरेसा अंधार होतो, पण खेळ साडेसातला लावा, गाई-ढोरं बांधून आणि स्वयंपाक आटोपून माणसं तेव्हाच येतात. स्पीकर दोन्ही बाजूंना कानाच्या उंचीवर ठेवा आणि आवाजाच्या सापळ्याचा प्रसंग आधी एकदा मैदानात वाजवून पाहा. श्वास मागच्या रांगेत पोचत नसेल तर फक्त तेवढा ट्रॅक वाढवा, सगळा व्हॉल्यूम नको.